मुंबईला निघालात? पिन कुठं टाकायचा ते आधी बघा

मैत्रिणींनो, गटाचा माल घेऊन महालक्ष्मी सरसला जा, नाहीतर चार जणी मिळून मुंबई बघायला जा, गाडीतून उतरताच "चला ताई, कुठं जायचं?" म्हणत कुणीतरी पिशवीला हात घालतोच. पिशवी सोडू नका. रेल्वेच्या हमालाच्या दंडावर बिल्ला असतो, तो बघा आणि मजुरी आधी ठरवा. काळी-पिवळी टॅक्सी मीटरनं चालते. दादर, सीएसएमटी भागात रिक्षा चालतच नाहीत, त्या वांद्रे-सायनच्या पुढं मिळतात. मग तिथं "माझी रिक्षा बाहेर उभी आहे" म्हणणाऱ्याच्या मागं कशाला जायचं?

खरा घोटाळा मोबाईलवर होतो. गिऱ्हाईक म्हणतं, "पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका." पैसे यायला पिन कधीच लागत नाही! पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. दुसरी तऱ्हा: "चुकून 500 ऐवजी 5000 गेले, उरलेले परत करा." सोबत मेसेजही दाखवतात. मेसेज खोटा बनवता येतो, म्हणून आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. वाढली नसेल तर एक रुपयाही परत करू नका. गर्दीत लाज वाटते, गिऱ्हाईक घाई करतं. करू दे. मागं दहा जण उभे असले तरी थांबू द्या.

तरी पैसे गेलेच तर घरी पोचायची वाट बघू नका. तिथूनच 1930 ला फोन लावा. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. रेल्वेत अडचण आली तर 139, पोलीस हवे असतील तर 112. हे तिन्ही नंबर कागदावर लिहून ब्लाऊजच्या खिशात ठेवा, कारण मोबाईलच चोरीला गेला तर त्यातले नंबर काय कामाचे?