गिअर का अडतो? एका जुन्या मोटारीचे रोगनिदान

मोटारीचा गिअर बदलताना 'खर्रर्र' असा आवाज आला, की पाहणारे लगेच म्हणतात, "गिअरपेटी गेली!" पण आवाज हा रोग नव्हे, ते केवळ लक्षण आहे. ताप हिवतापाने येतो, तसा फ्लूनेही येतो. म्हणून औषधाआधी तपासणी हवी. ती पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमांवरून कशी करता येते, हे एका उदाहरणावरून पाहू.

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात एम.जी.बी. ही स्पोर्ट्स मोटार तयार होत असे. हौशी लोक आजही ती जपून चालवतात. तिचा क्लच बदलायचा, तर सामान्यतः इंजिन बाहेर काढावे लागते. निदान चुकले, तर एवढी मेहनत आणि पैसा फुकट जातो.

प्रश्न वेग जुळण्याचा

रिले शर्यतीत बॅटन घेणारा खेळाडू आधीच धावू लागतो. दोघांचे वेग जुळले, की बॅटन अलगद हातात येते. गिअरचेही तसेच आहे.

सुरुवातीच्या एम.जी.बी.मध्ये दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर २.२१ व तिसऱ्याचे १.३७ होते. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत आहे. मोटारीचा वेग तोच असताना दुसरा गिअर टाकायचा, तर इंजिनाकडून पेटीत येणाऱ्या दांड्याचे फेरे

३,००० × २.२१ ÷ १.३७ = सुमारे ४,८४०

इतके व्हायला हवेत. म्हणजे क्षणार्धात १,८४० फेऱ्यांची वाढ!

हे काम दोघे मिळून करतात. क्लच जड इंजिनाला दांड्यापासून वेगळे करतो. मग फक्त क्लचची हलकी तबकडी आणि पेटीतील चक्रे यांचाच वेग बदलावा लागतो. सिंक्रोमेशचे शंकूच्या आकाराचे कडे चक्रावर घासते आणि घर्षणाने दोन्हींचे वेग समान करते. त्यानंतरच दाते एकमेकांत शिरतात.

तीन कसोट्या

पहिली कसोटी: मोटार सपाट जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा आणि एकेक गिअर टाकून पाहा. काहीही फिरत नसल्यामुळे वेग जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. दात्यासमोर दाता आला असेल, तर मोटार किंचित ढकलून पुन्हा पाहावे. तरीही गिअर अडला, तर दोष दांडी किंवा निवड करणाऱ्या यंत्रणेत आहे.

दुसरी कसोटी: ही जाणत्या माणसानेच, हातब्रेक ओढून व समोर-मागे कोणी नाही हे पाहून करावी. इंजिन सुरू ठेवून, न्यूट्रलमध्ये क्लचचे पेडल पूर्ण दाबावे, दहा अंक मोजावेत आणि रिव्हर्स टाकावा. क्लच खरोखर सुटला असेल, तर तेवढ्या वेळात चक्रे थांबतात. तरीही दाते खरडले, तर क्लच पूर्ण सुटत नाही. रिव्हर्सच का? कारण या मोटारीत त्याला सिंक्रोमेश नाही. त्यामुळे क्लचचा दोष झाकला जात नाही.

तिसरी कसोटी: चालत्या मोटारीत एकच गिअर खरडतो, की सगळे? क्लच सर्वांना सामाईक आहे, पण कडे बहुधा ज्याचे त्याचे स्वतंत्र. म्हणून एकच गिअर कुरकुरत असेल, तर संशय त्याच्या कड्यावर. मात्र १९६७ च्या अखेरीस सुधारित नमुना येईपर्यंत पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश नव्हते. चालत्या मोटारीत तो खरडला, तर तो बिघाड नव्हे, रचनेचाच भाग आहे.

थेंबभर हवेचा प्रताप

क्लच सुटत नाही असे ठरले, तरी लगेच इंजिन उतरवू नये. या मोटारीत पेडलाचा जोर द्रवाच्या नळीतून पोचतो. समजा, वरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौ. सें.मी. व खालच्याचे ८ चौ. सें.मी. आहे. वरचा दट्ट्या ३ सें.मी. सरकला, तर ९ घ. सें.मी. द्रव ढकलला जातो आणि खालचा दट्ट्या ९ ÷ ८, म्हणजे सुमारे ११ मि.मी. सरकतो. नळीत हवा शिरली आणि दाबाखाली ती १ घ. सें.मी. आकुंचन पावली, तर खाली १० मि.मी.च उरतात. पेडलाची पिन झिजली असेल, तर आणखी घट. एवढ्यानेही क्लच अर्धवट अडकून राहू शकतो. पिन बदलणे किंवा हवा काढणे हे मात्र थोड्या वेळाचे काम आहे.

तेलाकडेही पाहावे. या पेटीसाठी २०डब्ल्यू-५० हे इंजिनाचेच तेल सांगितलेले आहे. फार दाट तेल घातले, तर थंडीत कड्याखालून ते लवकर बाजूला सरत नाही आणि घर्षण अपुरे पडते. इंजिन तापल्यावर तक्रार कमी होत असेल, तर आधी तेल तपासावे.

निदानाचे सूत्र एवढेच: ज्या कसोटीचे उत्तर प्रत्येक कारणासाठी वेगळे येईल, ती कसोटी निवडा, आणि स्वस्त कारण आधी तपासा.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. एका एम.जी.बी.मध्ये इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात. इंजिन सुरू असताना रिव्हर्स खरडतो. पण पेडल दोन-तीनदा भराभर दाबले, की तो नीट पडतो. दोष कुठे असेल? उत्तर कारणासह वहीत लिहा आणि वर्गात त्यावर चर्चा करा.