पाचवे शील आणि व्यसनमुक्तीची सभा



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सतरावी दारू न पिण्याची आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. आपणही दीक्षा घेताना ही वचने सर्वांसमक्ष उच्चारली. ज्याला सणावारी पिण्याची सवय होती, त्याची ती सवय सुटली. परंतु ज्याच्या शरीरालाच दारूची गरज जडली होती, त्याचे काय? तो आता लपून पितो आणि वंदनेच्या वेळी विहार टाळतो. घरची माणसे 'प्रतिज्ञा मोडलीस' म्हणून त्याला टोचतात आणि बाहेर मात्र सारे झाकून ठेवतात. आजचा पाठ अशा घरासाठी आहे.

विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. त्याने एका नागाला जिंकले अशी कथा आहे. ती बाजूस ठेवू. कौशांबीच्या उपासकांनी कौतुकापोटी त्याला घरोघरी मद्य दिले आणि तो नगराच्या वेशीत कोसळला. भगवंतांनी त्याला तेथे पडू दिले नाही. भिक्खूंकरवी उचलून नेले. मग मद्यपानाविरुद्ध नियम घालून दिला. हा नियम 'पाचित्तिय' या वर्गातला आहे. म्हणजे तो मोडणाऱ्याला संघातून घालवीत नाहीत. त्याने आपला दोष दुसऱ्या भिक्खूजवळ उघड सांगावयाचा आणि पुढे संयम पाळावयाचा. याच सागताची गणना अंगुत्तर निकायात अग्रगण्य शिष्यांत केली आहे. नियम कडक, परंतु माणूस टाकलेला नाही, हा येथला बोध होय.

दोष उघड सांगण्याची हीच वाट आजच्या व्यसनमुक्तीच्या सभांत दिसते. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल व एक शल्यविशारद, दोघेही मद्यपी, एकमेकांशी बोलून सावरले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना उभी राहिली. तिच्या सभेत व्याख्यान नसते. प्रत्येक जण आपली हकीकत सांगतो, बाकीचे ऐकतात. फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही, ऐकलेले बाहेर बोलावयाचे नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. 'जन्मभर पिणार नाही' या ओझ्याऐवजी 'आजचा दिवस पिणार नाही' एवढेच तेथे धरावयाचे असते.

येथे एक शंका येईल. या संघटनेच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे आणि पुष्कळ सभांच्या शेवटी प्रार्थना होते. देवदेवता नाकारलेल्या बौद्धाने तेथे जावे काय? अवश्य जावे. त्या पायऱ्यांतच प्रत्येकाला आपापल्या समजुतीची मुभा ठेवली आहे. देव न मानणारे अनेक सभासद त्या समूहालाच आपल्याहून मोठी शक्ती समजतात. संघाला शरण जाणाऱ्या आपणांस हे परके वाटू नये. प्रार्थना चालू असता शांत उभे राहावे. त्याने एकही प्रतिज्ञा मोडत नाही. दारूचा पेला मात्र मोडतो. भगवंतांनी कालामांना स्वतः पारखून घेण्यास सांगितले होते. चार-सहा सभांना जा आणि पारखा.

आता व्यवहाराचे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी घरी दारू बंद करू नये. हातपाय कापणे, फिट येणे, भास होणे असे प्रकार होतात आणि जिवावरही बेतते. प्रथम सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांना दाखवावे. वाघोलीकरांना येरवडा दूर नाही; नगर रस्त्याने बसने जाता येते. तेथे डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र आहे. जवळची मराठी सभा कोठे व कोणत्या वारी भरते, हे अशा केंद्रात विचारावे. १४४४६ या सरकारी क्रमांकावर फुकट फोन करूनही मार्गदर्शन मिळते. सभा खुली आहे की बंद, हेही विचारून घ्यावे. खुल्या सभेला घरची माणसे बसू शकतात. बंद सभा फक्त पिणाऱ्यांसाठी असते. 'तेथे ओळखीचा भेटला तर?' या भीतीने अडू नका. तोही त्याच कामासाठी आलेला असेल.

भगिनींनो, तुमच्या नवऱ्याच्या पिण्याचा दोष तुमच्यावर नाही. तो येत नसेल तरी तुम्ही जाऊ शकता. कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन'च्या वेगळ्या सभा असतात. त्याची उधारी फेडणे आणि कामावर त्याच्यासाठी खोटे निरोप देणे मात्र थांबवा. त्याने व्यसन पोसले जाते. तो पुन्हा घसरला, तर पुन्हा सभेची वाट दाखवा. आणि विहारातील कार्यकर्त्यांनो, तो वंदनेला आला तर त्याला पुढे जागा द्या.

रविवारी विहारात चर्चेसाठी प्रश्न :
१. सागताला संघाबाहेर काढले असते तर काय झाले असते?
२. दोष झाकणे आणि दोष विश्वासाच्या माणसांत सांगणे, यांत फरक कोणता?
३. आपल्या वस्तीतील कोणाला पहिल्या सभेपर्यंत सोबत हवी आहे? (नाव मोठ्याने घेऊ नये, सोबत मात्र द्यावी.)

जयभीम.