दिवाडीत जागा घेताना

दिवाडी हे मांडवी नदीतले बेट गोव्याच्या तिसवाडी तालुक्यात येते. जुने गोवे, रायबंदर किंवा नार्वे येथून फेरीबोटीने तिथे जाता येते. पिएदादच्या टेकडीभोवती जुनी वस्ती आणि खाली नदीपर्यंत खाजने, अशी बेटाची ठेवण आहे. पूर्वजांनी घरे उंचावर बांधली आणि सखल जमीन भाताला ठेवली; आजचे नियमही बऱ्याच अंशी हीच वाटणी राखतात. फेरीतून उतरल्यावर दिसलेल्या सपाट, हिरव्या, नदीकाठच्या तुकड्यावर भाळून विसार देणारे म्हणूनच हमखास अडकतात.

खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली जमीन. मानशीच्या दारांतून पाणी हवे तेव्हा आत-बाहेर सोडले जाते. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद आहे: खाजनात कोणत्याही विकासकामाला परवानगी नाही. ‘चार टिपर माती टाका, जोते उंच घ्या,’ हा दलालाचा सल्ला तर खड्ड्यात घालणारा. नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या (१९७४) कलम १७-अ प्रमाणे सखल जागेत भराव घालायलाही आधी परवानगी लागते. शिवाय भरावाने अडलेले पाणी शेजारच्या शेतात शिरते, आणि पहिली तक्रार तिथूनच येते.

जमीन कोणत्या जातीची हे एक-चौदाच्या उताऱ्यावर कळते. हा उतारा सातबाऱ्याचे गोव्यातले भावंड. घेणारे सहसा मालकाचे नाव आणि क्षेत्रफळ पाहून कागद घडी करतात. वाचायचे असते ते क्षेत्राच्या रकान्यांत: जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरड, पोटखराब. चौरस मीटरचा आकडा ‘खाजन’ किंवा ‘भात’ या रकान्यात असेल तर घराचा विचार तिथेच थांबवावा. २०२३ च्या कायद्याने भातशेती शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंधने आणली आहेत. कुळाचा रकानाही कोरा आहे ना, हे पाहावे. कूळकायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन १९९१ च्या भूवापर कायद्याप्रमाणे शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, घर निघाले, तर त्याचा हक्क नव्या मालकालाही बांधून राहतो.

उतारा निर्वेध असला तरी तेवढ्याने भागत नाही. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये तो सर्व्हे नंबर वस्ती क्षेत्रात आहे का, हे नगरनियोजन खात्याच्या झोनिंग दाखल्यावरूनच ठरते. विक्रेत्याने मोबाइलवर दाखवलेल्या रंगीत नकाशाला किंमत नाही. एकाच भूखंडाचा झोन नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली ‘दुरुस्त’ करून दिलेला असेल तर वकिलाचे मत घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये, कारण या कलमाखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले. फार्महाऊसच्या नावाने होणारी विक्री हा आणखी एक सापळा. फार्महाऊसला किमान ४,००० चौ. मी. जमीन लागते. तेवढा तुकडा दहा जणांत ‘अविभाजित हिस्सा’ म्हणून विकला, तर एकालाही स्वतंत्र परवाना मिळणे कठीण.

नदीकाठी नवे बांधकाम ज्या अंतरापर्यंत करता येत नाही, ते भरतीरेषेपासून मोजतात, पाण्याच्या त्या दिवशीच्या कडेपासून नाही. २०११ च्या अधिसूचनेत भरती-ओहोटीच्या नदीकाठी ही मर्यादा १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते. मांडवी रुंद असल्याने व्यवहारात १०० मीटरच धरावे. २०१९ च्या अधिसूचनेत ते ५० मीटर झाले आहे. पण त्या अधिसूचनेप्रमाणे राज्याचा किनारी व्यवस्थापन आराखडा मंजूर होईपर्यंत जुनेच अंतर लागू राहते. ग्रामीण नदीकाठच्या या पट्ट्यातले अधिकृत जुने घर मात्र दुरुस्त करता येते किंवा पुन्हा बांधता येते. अट इतकीच की जोत्याचे क्षेत्र आणि चटई निर्देशांक वाढता कामा नये. नदीचे दर्शन हवेच असेल, तर मोकळ्या जागेपेक्षा असे पडके घर घेणे शहाणपणाचे, मात्र ते कागदोपत्री अधिकृत हवे.

पुढचा क्रम सरळ आहे, वेळखाऊ असला तरी. भू-महसूल संहितेच्या (१९६८) कलम ३२ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून रूपांतराची सनद, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, पंचायतीचा बांधकाम परवाना आणि काम संपल्यावर वापर दाखला. किनारी पट्ट्यात असाल तर किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगीही लागते. वास्तुविशारदाला सनदेनंतरच सविस्तर आराखडे करायला सांगावे. ठेकेदाराकडून दर घेताना चिरे, रेती आणि सिमेंट फेरीबोटीने न्यायचा खर्च त्यात धरला आहे का, तेही विचारून घ्यावे.

विसार देण्याआधी विक्रेत्याकडे ताजा एक-चौदाचा उतारा आणि झोनिंग दाखला मागावा. तो टाळाटाळ करत असेल, तर ती जागा सोडून द्यावी.