नर्स प्रॅक्टिशनर आणि नियोजित आरोग्यसेवा

आजारी माणसाने प्रथम कोणाकडे जावे, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु आरोग्ययंत्रणेची बरीचशी रचना त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली लोरेटा फोर्ड ही परिचारिका व हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी या प्रश्नाचे नवे उत्तर मांडले. परिचारिकांना रोग्याची तपासणी, निदान व नेहमीच्या आजारांवरील उपचार यांचे वाढीव शिक्षण देऊन त्यांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा वर्ग निर्माण केला. जेथे डॉक्टरांची वाण होती, तेथील मुलांची काळजी घेणे हा त्यामागील हेतू होता.

पुढे १९७३ मध्ये त्या देशात ‘हेल्थ मेंटेनन्स ऑर्गनायझेशन’विषयीचा कायदा झाला. या पद्धतीत संस्थेला सभासदांकडून ठराविक रक्कम आगाऊ मिळते. सभासद कितीदाही आजारी पडो, रक्कम तीच. साहजिकच रोग बळावण्यापूर्वी तो हेरणे संस्थेच्या हिताचे ठरते. सभासदाची सामान्यतः एका प्राथमिक चिकित्सकाकडे नोंद असते व तज्ज्ञाकडे जाण्यासाठी पुष्कळदा त्याची शिफारस लागते. लसीकरण, आहाराविषयी सल्ला, मधुमेह व रक्तदाब यांचा पाठपुरावा ही कामे नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणाशी मिळतीजुळती आहेत.

तथापि, काम करणे व त्या कामाची नोंद होणे या भिन्न गोष्टी होत. अनेक संस्थांच्या चिकित्सकांच्या यादीत या परिचारिकांना स्थान नव्हते. रोग्यास त्यांनी तपासावे आणि नोंद डॉक्टरांच्या नावे व्हावी, असेही घडे. १९९७ च्या कायद्याने मात्र ‘मेडिकेअर’ या सरकारी विमायोजनेतून त्यांना सर्वत्र थेट मोबदला मिळण्याची सोय झाली. त्याचा दर डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के ठरला.

गुणवत्तेचे काय? न्यूयॉर्कमधील १,३१६ रोग्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रोग्यांची विभागणी करून काहींना डॉक्टरांकडे, तर काहींना नर्स प्रॅक्टिशनरकडे सोपविण्यात आले. दोघांचे अधिकार सारखेच होते. सहा महिन्यांनंतर रोग्यांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष प्राथमिक सेवेपुरता आहे. गुंतागुंतीच्या आजारात तज्ज्ञाची जागा परिचारिकेने घ्यावी, असा त्याचा अर्थ नव्हे.

भारतातही २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांत प्रशिक्षित परिचारिकाही आहेत. दोन्ही देशांची व्यवस्था भिन्न असली, तरी धडा समान आहे. जबाबदारी द्यावयाची तर तिला साजेसे शिक्षण, स्पष्ट अधिकार व वरिष्ठ रुग्णालयाकडे रोगी पाठविण्याची खात्रीची सोय यांची जोड हवी. यांपैकी एकाचीही उणीव राहिल्यास तिची झळ अखेर रोग्यालाच पोहोचते.