मनोविकारावरील औषधे आणि वृद्धांचे शरीर

१९५२ साली पॅरिस येथे जाँ डेले व पिएर डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांना देण्यास प्रारंभ केला आणि मनोविकारांच्या उपचारात एक नवे पर्व सुरू झाले. पुढे हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलांझापीन अशी अनेक औषधे उपलब्ध झाली. त्यांमुळे असंख्य रुग्ण घरी राहून संसार व कामधंदा करू लागले. हे रुग्ण वयाने वाढतात, तेव्हा मात्र एक प्रश्न उभा राहतो. चाळिशीत मानवलेली मात्रा सत्तरीत मानवेलच, असे नाही.

शरीरातील प्रवास

यांतील बहुतेक औषधांचे विघटन यकृतात होते व उरलेले अंश मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. वयोमानानुसार यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह व मूत्रपिंडाची गाळणशक्ती कमी होत जाते. स्नायू घटतात आणि चरबीचे प्रमाण वाढते. ही औषधे चरबीत सहज मुरणारी असल्याने ती शरीरात दीर्घकाळ रेंगाळतात. ओलांझापीन रक्तातून निम्मे होण्यास तरुणांच्या तुलनेत पासष्टीपुढील व्यक्तींमध्ये सुमारे दीडपट वेळ लागतो.

यकृताच्या जुनाट विकारात विघटन मंदावते. शिवाय रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन घटल्याने त्यास न चिकटलेले, म्हणजे प्रत्यक्ष परिणाम करणारे औषध वाढते. मूत्रपिंडाच्या विकाराचे परिणाम औषधागणिक भिन्न असतात. अमिसल्प्राइड बहुतांशी मूळ स्वरूपातच लघवीवाटे जाते, म्हणून मूत्रपिंड दुर्बल झाल्यास ते साठते. रिस्पेरिडोनचे यकृतात रूपांतर होते, परंतु रूपांतरित द्रव्यही गुणकारीच असते व ते मूत्रपिंडावाटे जाते. मध्यम ते तीव्र मूत्रपिंडविकारात या दोहोंचा निचरा सुमारे ६० टक्क्यांनी घटतो. वृद्धांचे स्नायू कमी असल्याने रक्तातील क्रिएटिनीन सामान्य दिसूनही मूत्रपिंड दुर्बल असू शकते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

'म्हातारपण' की मात्रा?

अशा रुग्णास दिवसा गुंगी येते, उठताना रक्तदाब उतरून भोवळ येते, हातपाय ताठरतात, चाल मंदावते, घास गिळणे जड जाते. घरची मंडळी 'आता वय झाले' म्हणून गप्प बसतात. एखाद्या दिवशी वृद्ध पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि तो अंथरुणास खिळतो. मात्रा वेळीच तपासली असती, तर कदाचित हे टळले असते.

स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत तर अधिक दक्षता हवी. या औषधांमुळे त्यांच्यातील मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला.

आपले कर्तव्य

वृद्धांबाबत 'अल्प मात्रेने प्रारंभ, सावकाश वाढ' हे वैद्यकाचे सूत्र आहे. तथापि धास्तीने औषध परस्पर बंद करणे हा उपाय नव्हे. त्यामुळे जुना आजार उलटू शकतो. कावीळ, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा अन्य कोणतेही चालू औषध यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. विडी-सिगारेट सोडल्याचेही सांगावे, कारण धूम्रपान थांबताच क्लोझापीन व ओलांझापीन यांचे रक्तातील प्रमाण वाढते.

शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांचा घरोघरी संबंध येतो. वर्षानुवर्षे त्याच चिठ्ठीवर औषध घेणारा वृद्ध आढळल्यास त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात फेरतपासणीसाठी पाठविणे, एवढे साधे काम त्यांनी केले, तरी एखादे घर मोठ्या संकटातून वाचेल.