आरोग्याचा पाठ : थोडक्यापासून आरंभ



आपल्या गांवांत असा एखादा गृहस्थ आपण पाहिलाच असेल. दवाखान्यांत त्याचें रक्त तपासलें, त्यांत साखर वाढल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें, आणि तो भयभीत होऊन घरीं आला. त्याच रात्रीं त्यानें निश्चय केला कीं, उद्यांपासून चहा बंद, भात बंद, गोड बंद. आणि पहाटे उठून चार मैल चालावयाचें. पहिले चार दिवस घरच्या माणसांस कौतुक वाटलें. पांचव्या दिवशीं पाय दुखूं लागले, सहाव्या दिवशीं पाहुणे आले, आणि आठव्या दिवशीं सर्व कांहीं पूर्ववत् झालें. "हें आपल्याच्यानें व्हावयाचें नाहीं," असें म्हणून तो स्वस्थ बसला. पुढें कांहीं वर्षांनीं पायाची जखम भरून येईना, तेव्हां त्यास त्या आठ दिवसांची आठवण झाली.

त्याचा निश्चय खोटा नव्हता. परंतु पहिलेंच पाऊल त्यानें आपल्या शक्तीबाहेर टाकलें होतें. आरंभशूरता टाळून आहाराची व व्यायामाची सवय कशी जडवावी, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

१. ही गोष्ट आपणांस कां लागू आहे?

पूर्वीं मोट, नांगर, जातें व बाजाराची पायपीट यांत शरीर आपोआप झिजत असे. आतां ट्रॅक्टर, गिरणी व मोटारसायकल आलीं. ही सोय वाईट नव्हे. परंतु पुष्कळांचे श्रम कमी झाले आणि ताट मात्र तेंच राहिलें. किंबहुना त्यांत गोड चहा व बिस्किटें यांची भर पडली.

"मी तर बारीक आहें, मला काय होणार?" असें कोणी म्हणूं नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकें यांचा अभ्यास चालविला. तेथील बालकें इंग्लंडांतील बालकांपेक्षां वजनानें पुष्कळ हलकीं होतीं. तथापि त्या मानानें त्यांच्या अंगीं चरबी अधिक आढळली. दिसावयास कृश असलेल्या देहांतही चरबी असूं शकते, हें यावरून ध्यानांत येईल.

२. साध्या उपायांनीं खरोखर लाभ होतो काय?

होतो. चेन्नई येथें डॉ. ए. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनीं ५३१ माणसांची सुमारें तीन वर्षें पाहणी करून २००६ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ह्या सर्वांच्या रक्तांत साखर थोडी वाढलेली होती, परंतु मधुमेह जडला नव्हता. ज्यांस नेहमींचाच सल्ला मिळाला, त्यांच्यांत शेंकडा ५५ जणांस मधुमेह झाला. ज्यांनीं आहार सुधारला व नित्य चालण्याचा परिपाठ ठेविला, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ३९ झालें. म्हणजे दर शंभरांतून सोळा माणसें वांचलीं. सोळा माणसें म्हणजे किती घरें, याचा विचार करा.

३. सवय कशी जडते?

लंडन येथें २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ९६ जणांनीं खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक लहान कृति निवडली, व ती रोजच्या एखाद्या ठराविक प्रसंगाशीं जोडून दिली. ती कृति अंगवळणीं पडण्यास साधारणतः ६६ दिवस लागले. कोणास १८ पुरले, तर कोणास आठ महिन्यांहून अधिक लागतील असें दिसलें. एखादा दिवस चुकल्यानें विशेष बिघडलें नाहीं. यावरून तीन नियम निघतात: एका वेळीं एकच पाऊल टाकावें, तें रोजच्या कामाशीं बांधावें, आणि दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशीं पुनः आरंभ करावा.

४. कोणतीं पावलें टाकावीं?

(अ) चहा. जो दिवसांतून चार वेळां दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेतो, त्याच्या पोटांत चहावाटेंच रोज सुमारें ४० ग्रॅम साखर जाते. एकदम सर्व सोडूं नये. प्रथम प्रत्येक कपांत अर्धा चमचा कमी करावा. पंधरा-वीस दिवसांत जीभ रुळली कीं आणखी अर्धा कमी करावा. येणेंप्रमाणें एका माणसाची महिन्याची सुमारें ६०० ग्रॅम साखर वांचते. साखरेऐवजीं गूळ घातला म्हणजे झालें, असें समजूं नये. गुळांतही बहुतेक साखरच असते.

(आ) ताट. भाताची एक मूद कमी करून तितकीच पालेभाजी किंवा उसळ वाढावी. ज्वारी, बाजरी व नाचणी यांची भाकरी सोडूं नये. जेवणांत लिंबू पिळावें, म्हणजे भाजींतील लोह अंगीं लागण्यास साहाय्य होतें. जेवणाबरोबर चहा घेतल्यास त्यास अडथळा होतो, म्हणून चहा तासभरानें घ्यावा. घरांतील स्त्रिया शेवटीं जेवतात व भाजीचें भांडें तोंवर रिकामें होतें. त्यांचा वांटा आधींच काढून ठेवणें, हेंही एक पाऊलच होय.

(इ) चालणें. प्रौढ मनुष्यानें आठवड्यास निदान १५० मिनिटें बेताचा व्यायाम करावा, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसभर शेतांत राबणाऱ्यास निराळा व्यायाम नको. परंतु शिक्षक, दुकानदार, उपदेशक व कामाचा हंगाम संपलेला शेतकरी यांस तो हवा. रात्रीचें जेवण झालें कीं दहा मिनिटें चालून यावें. तें सहज जमूं लागल्यावर दुपारच्या व मग सकाळच्या खाण्यानंतरही तसेंच करावें. दहांची तीस मिनिटें झालीं, व आठवड्यांतील पांच दिवस पाळलीं, कीं १५० पुरीं होतात.

(ई) सावधगिरी. जे मधुमेहाचें औषध घेतात, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून औषध सोडूं नये, जेवण टाळूं नये व उपास करूं नये. त्यांनीं अनवाणी चालूं नये, व रोज रात्रीं पायाचे तळवे पाहावे. चालतांना छातींत दुखल्यास तत्काळ थांबून दवाखाना गांठावा.

थेंबें थेंबें तळें सांचे, असें आपण म्हणतों. तर आज संध्याकाळीं त्यांतील एक थेंब पडूं द्यावा.

विचारार्थ प्रश्न

१. आरंभीं सांगितलेल्या गृहस्थाचा निश्चय कां टिकला नाहीं?
२. आपल्या घरीं महिन्यास किती साखर लागते? अजमास करून सांगा.
३. आपण कोणतें एकच पाऊल टाकाल, व तें रोजच्या कोणत्या कामाशीं जोडाल?
४. आपल्या घरीं शेवटीं कोण जेवतें, व त्या ताटांत काय उरतें?

उपदेशकांनीं हा पाठ वाचून दाखवावा, प्रत्येकाचें उत्तर ऐकून घ्यावें, व दोन महिन्यांनीं तिसरा प्रश्न पुनः विचारावा.