गोठलेली खिडकी आणि हजारो फायली

शाळेची जुनी प्रवेश-नोंदवही ही कित्येक कुटुंबांतील पहिल्या शिकलेल्या पिढीची लेखी साक्ष असते. जातपडताळणीसाठी तिचा उतारा आजही उपयोगी पडतो. म्हणूनच तिची पाने स्कॅन करून जपावी लागतात. अशा हजारो फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवताना कधी कधी संगणकाच्या पडद्यावरील खिडकी गोठते, बटणे दाद देत नाहीत. कोणी वैतागून आज्ञावली बंद केली, तर नक्कल अर्धवट राहते. हे का घडते व कसे टाळावे, ते पाहू.

विंडोजमध्ये खिडकीचा सर्व कारभार सहसा एकाच ‘थ्रेड’वर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर चालतो. माऊसची प्रत्येक टिचकी संदेश होऊन त्याच्या रांगेत उभी राहते. हा धागा फायलींत गुंतला, की रांग खोळंबते. सुमारे ५ सेकंद संदेश उचलले गेले नाहीत, तर विंडोज ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे जाहीर करते. आत काम मात्र चालूच असू शकते.

यावर २०१२ मध्ये सी-शार्प भाषेत ‘असिंक’ व ‘अवेट’ हे शब्द आले. ‘अवेट’पाशी आज्ञावली उत्तराची वाट पाहते, पण धागा अडवून धरत नाही. ‘फाइल.कॉपी’ ही क्रिया मात्र धागा अडवणारीच आहे. केवळ ‘असिंक’ लिहिल्याने ती बदलत नाही. ती ‘टास्क.रन’द्वारे दुसऱ्या धाग्यावर सोपवावी.

परंतु सर्व फायली एकदम सोडल्या, तर डिस्कवर झुंबड उडते व वेग उलट घटतो. येथे ‘सेमाफोर’ उपयोगी पडतो. रेल्वेच्या सिग्नलाचे हे नाव डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकात संगणकशास्त्रात आणले. ‘सेमाफोरस्लिम’ला ४ परवाने दिले, की एका वेळी चारच फायली आत जातात, बाकीच्या ‘वेटअसिंक’वर थांबतात. परवाना ‘फायनली’मध्ये परत करावा, म्हणजे एखादी फाइल बिघडली तरी मागची रांग अडत नाही.

प्रगती दाखवण्यास ‘प्रोग्रेस’ आणि काम थांबवण्यास ‘कॅन्सलेशनटोकन’ वापरावे. प्रत्येक नक्कल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी व पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव द्यावे. मग अर्धवट फाइल पूर्ण समजली जाण्याचा धोका उरत नाही.

शेवटी फायलींची संख्या व आकार मूळाशी ताडून पाहावेत. ते जुळेपर्यंत मूळ फायलींना हात लावू नये; कारण हरवलेले एक पान म्हणजे एखाद्या घराचा पुसलेला इतिहास असू शकतो.